सहा दहाची पॅसेंजर

गल्लीच्या तोंडाशी आले आणि पाहिलं तर गटार वाहत होतं. मार्च महिना, डोक्यावर ऊन, आणि गटारातून स्वच्छ, तळ दिसणारं पाणी चाललेलं.

आमचं गाव जंक्शनचं. चारी दिशांना गाड्या मिळत, पाणी मिळत नसे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, दर गुरुवारी नऊ ते बाराच्या मध्ये केव्हाही, आणि तासाभरात जायचं. त्या तासात जे भरलं त्यावर आठ दिवस काढायचे. अशा गावात गटार वाहताना दिसलं की कुणाच्या तरी घरचे आठ दिवस वाहून गेले असं समजायचं.

आमचं घर उताराला, गल्लीत सगळ्यात खाली. मी जवळजवळ पळतच गेले. दार उघडं. मोरीत नळ पूर्ण सोडलेला आणि त्यातून आता थेंबही येत नव्हता. पिंप कोरडं. हंडे, कळश्या, सगळं जसं सकाळी घासून पालथं घातलं होतं तसंच पालथं. अंगण मात्र न्हाऊन निघालेलं.

दिगू घरात नव्हता. माझा धाकटा, पंधरा वर्षांचा, नववीतला. गुरुवारी बाजार, त्या दिवशी त्याच्या शाळेला सुट्टी असे, म्हणून पाणी भरायचं काम त्या दिवशी त्याच्याकडे दिलं होतं. एरवी ते शैलाचं काम. शैला त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि त्या दिवशी पहाटेच्या गाडीने नाशिकला गेली होती. टेलिफोन खात्यात ऑपरेटर मुलींची भरती होती. गुरुवारी लेखी, शुक्रवारी आवाजाची चाचणी. पंधरा दिवस ती भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणत होती, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. मी नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवत असे. माझी शाळा सकाळची. घरातले यजमान गार्ड, ते मालगाडीवर भुसावळकडे गेलेले, शुक्रवारी सकाळी सातला परत यायचे. तेव्हा घरात उरला दिगू.

एक वाजता तो आला. हातात बॅट, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"पाणी आलं होतं?" मी विचारलं.

"आलं होतं की."

"मग भरलं का नाहीस?"

त्याने मोरीत डोकावून पाहिलं आणि तेव्हा कुठे त्याचा चेहरा पडला.

"पहिलं पाणी गढूळ येतं, ते वाहू द्यायचं असं तूच सांगितलंस."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"आणि तू कुठे होतास?"

"दहा मिनिटांसाठीच गेलो होतो. माझी बॅटिंग आली."

मी काही बोलायच्या आत दारात गिरजाकाकू उभ्या राहिल्या. त्या गल्लीच्या वरच्या टोकाला राहायच्या, वयाने माझ्या आईएवढ्या, कमरेवर हात ठेवल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे.

"बाई, आमच्या नळाला करंगळीएवढी धार आली, तीही पाच मिनिटं. मग नुसती हवा. लोखंड्यांकडे तेच, वरच्या दोन्ही घरी तेच. मी म्हटलं खाली कुणाचा तरी नळ मोकळा राहिला असणार, त्याशिवाय असं होत नाही."

"आमचाच राहिला," मी म्हणाले. "दिगूने सोडला आणि खेळायला गेला. याच्या पायी तुमचंही पाणी गेलं. दिगू, काकूंना सांग."

दिगूने मान खाली घातली. "चुकलं, काकू."

त्यांचा हात कमरेवरून खाली आला. "असू दे रे राजा. तुला काय कळतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शैला असती तर हे झालं नसतं. पाण्याच्या दिवशी पोरीला परगावी धाडायचं म्हणजे कमाल आहे तुमची."

"पाणी दिगूने घालवलं, काकू."

"पोरगा आहे तो."

"शैला नऊ वर्षांची असल्यापासून पाणी भरते. हा पंधरा वर्षांचा आहे."

"पोरींचं वेगळं असतं, बाई."

काय वेगळं असतं ते त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा ते कुणी सांगत नसे, आणि विचारायचीही पद्धत नव्हती. मला मात्र त्या दिवशी फार राग आला होता. शैलाचं नाव दोषाच्या यादीत सगळ्यात वर, आणि ती बिचारी पंचाहत्तर किलोमीटरवर बसून पेपर लिहीत होती.

त्या रागाच्या भरात मी ठरवलं. दिगूला जेवू घातलं, दुपार उतरू दिली, आणि चार वाजता दोन घागरी आणि एक चुंबळ त्याच्यापुढे ठेवली.

"यार्डात जायचं. इंजिनात पाणी भरायचा तो मोठा सोंडेसारखा नळ आहे ना, त्याच्या खालच्या टाकीवरून भरून आणायचं. वरच्या चार घरांना दोन दोन घागरी. मग आपल्या घरच्या."

"सगळं मी?"

"घालवलं कुणी?"

"आई, पोरं हसतील. डोक्यावर घागर घेऊन चाललो तर."

"शैलाला कुणी हसतं?"

"तिला कशाला हसतील?"

त्याला खरोखरच कळत नव्हतं. मी त्याच्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि त्याला दाराबाहेर काढलं. दिगू वाईट मुलगा नव्हता. तोंड वाकडं केलं, पण गेला. मी खिडकीशी बसून ब्लाउजला हुक लावत राहिले आणि मनात म्हटलं, आज हा एक धडा शिकेल आणि जन्मभर विसरणार नाही.

एक खेप त्याने केली. डोक्यावर भरलेली घागर, मानेवरून पाणी ओघळतंय, चेहरा लाल. माझ्या दारावरून तो वर गेला. मग बराच वेळ दिसलाच नाही. सव्वा तासाने गल्लीतून घागर येताना दिसली, पण तिच्याखाली दिगू नव्हता. लोखंडेवहिनींची सुमन होती. अकरा वर्षांची पोर, घागर तिच्या अर्ध्या अंगाएवढी. दोन्ही हातांनी ती सावरत, पाय मोजून टाकत चाललेली. तिच्यामागून दिगू येत होता. रिकाम्या हाताने. तोंड हलत होतं.

मी बाहेर आले. सुमनच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली.

"कितवी खेप ही तुझी?"

"तिसरी," ती म्हणाली. "दोन आमच्या झाल्या. ही तुमची. आई म्हणाली, दिगूदादा दमलाय."

तेवढ्यात तिच्या आई, लोखंडेवहिनी, चार पायऱ्या उतरून आल्याच.

"अहो बाई, पोराच्या डोक्यावर घागर. बघवेना मला. मी म्हटलं, ठेव आधी ती खाली."

"वहिनी, तुमचंच पाणी गेलं ना?"

"गेलं तर गेलं. येऊन कबूल केलं त्याने, तेच खूप झालं. आजकाल कोण पोरगा एवढं करतो? गिरजाकाकूंनी तर चहा केला त्याच्यासाठी. मी म्हटलं थोडा चिवडाही खा."

"आणि सुमीला काय दिलंत?"

"सुमीला?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "ती घरचीच आहे की."

त्या गेल्यावर मी दिगूकडे पाहिलं. त्याने शर्टाला तोंड पुसलं.

"मी नको म्हणालो होतो, आई. त्यांनी हातातून घागर घेतली."

"आणि तू दिलीस."

"मग काय बायकांशी ओढाओढी करू?"

मी त्याला शिक्षेला धाडलं होतं आणि गल्लीने त्याचा सत्कार करून परत पाठवला होता. चार घरांचं पाणी घालवलेल्या मुलाला त्यांतल्याच घरांनी खाऊ घातलं. आणि वाहून आणलं कुणी, तर जिने काहीच सांडलं नव्हतं तिने. मी त्याला म्हटलं, उद्या पहाटे पाच वाजता उठायचं आणि आपल्या घरचं पाणी तूच आणायचं. पहाटे गल्लीतल्या बायका उठलेल्या नसतील, म्हणजे कुणी तुझ्या हातातून घागर घ्यायला येणार नाही. तो बरं म्हणाला. बरं म्हणायला त्याला कधीच काही वाटत नसे.

संध्याकाळी शैला आली. पेपर चांगला गेला होता. दोनशे मुली होत्या, त्यांतल्या चाळीस दुसऱ्या दिवसासाठी निवडल्या होत्या आणि त्यांत तिचं नाव होतं. हे सांगताना ती उभ्या उभ्याच चपलेचा बंद सोडत होती. मग तिला कोरडं पिंप दिसलं.

"पाणी नाही आलं?"

मी झालं ते सांगितलं. ती दिगूवर रागावली नाही. त्याची तिला सवय होती. म्हणाली, "मग मी आत्ताच दोन घागरी आणते."

"तू पाण्याला हात लावायचा नाही," मी म्हणाले. "उद्या तुझा आवाज तपासणार आहेत. लवकर जेव आणि झोप. पाणी दिगू आणणार आहे. ज्याने घालवलं तोच आणेल."

मला आठवतं, मी हे फार ठासून म्हटलं होतं. ती हसली आणि म्हणाली, "बरं, बाई." घरात ती मला कधी कधी थट्टेने बाई म्हणायची, शाळेतल्या मुलींसारखी.

सकाळी साडेचारला मी उठले. तिची गाडी सहा दहाची पॅसेंजर. स्टेशन आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. पाच वाजता शैला तयार होती. निळी वायलची साडी, मी रात्री स्वतः इस्त्री केलेली. वेणी, कुंकू, हातात कागदांची पिशवी. घरात एक तांब्या आणि अर्धी कळशी पाणी होतं. त्यात चहा झाला, तिचं तोंड धुऊन झालं, आणि संपलं.

सातला हे येणार होते. दोन दिवस गार्डाच्या डब्यात काढलेला माणूस, अंगावर कोळशाची पूड, आल्या आल्या आंघोळीला पाणी लागायचंच.

मी दिगूला हाक मारली. तो म्हणाला, "हो, उठतो."

मी चूल पेटवली. पाच मिनिटांनी पुन्हा हाक मारली. त्याने कूस बदलली. "उठलोच."

तिसऱ्यांदा मी त्याचं पांघरूण ओढलं. तो उठून बसला, डोळे मिटलेलेच, आणि मी स्वयंपाकघरात वळल्यावर परत आडवा झाला. सव्वापाच झाले होते. शैला दाराशी उभी राहून पिशवीतले कागद पुन्हा एकदा मोजत होती.

मग ती खेपेला गेली. वीस मिनिटांची खेप. पावणेसहापर्यंत परत आली असती, तरी गाडी आरामात मिळाली असती. पण यार्डात त्या वेळी इंजिन पाणी घ्यायला लागलं होतं, आणि इंजिनाचं होईपर्यंत माणसांना टाकीशी जाऊ देत नसत. तिने तिथून रिकाम्या हाताने निघून यायला हवं होतं. कुणीही आलं असतं. दिगू तर नक्कीच आला असता. पण पाण्याला गेलं की रिकामी घागर घेऊन घरी यायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं, आणि ते शिकवणारी मीच. ती थांबली. सहाला पाच कमी असताना तिला पाणी मिळालं. ती भरली घागर डोक्यावर घेऊन धावत आली. साडी पुढून चिंब झालेली, वेणी सुटलेली. घागर मोरीत ठेवली, पिशवी उचलली आणि तशीच स्टेशनकडे धावली.

मी दारात उभी होते. सहा दहाला शिट्टी झाली. आमच्या घरातून ती नेहमीच स्पष्ट ऐकू यायची.

पंधरा मिनिटांनी शैला परत आली आणि पायरीवर बसली. पुढची गाडी पावणेदहाची. चाचणी दहाला होती. ती रडली नाही. पदराचा ओला भाग पिळत बसली.

साडेसहाला दिगू उठला. "अगं, ताई घरीच?" असं म्हणून त्याने जांभई दिली.

सातला हे आले. पायरीवर बसलेली मुलगी पाहून थबकले.

"शैला, तू गेली नाहीस?"

"गाडी चुकली, अण्णा."

"घरापासून दहा मिनिटांवर स्टेशन. गार्डाची मुलगी तू. गाडी चुकते कशी?"

"पाणी आणायला गेले होते."

"परीक्षेच्या दिवशी? तुला कळायला नको? कुणी सांगितलं होतं तुला पाण्याला जायला?"

शैलाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी चुलीपुढे होते. फुंकणी हातात होती. तिची नजर मला दिसली. आणि मी म्हणाले, "मी दिगूला हाका मारत होते."

हे खरंच होतं. तीन हाका मारल्या होत्या मी.

शैला थोडा वेळ तशीच बघत राहिली. मग वडिलांना म्हणाली, "मीच गेले, अण्णा. मला वाटलं वेळ आहे."

"मग आता कुणाला बोल लावायचा," हे म्हणाले, आणि टॉवेल घेऊन मोरीकडे गेले. तिने आणलेल्या पाण्याने त्यांनी आंघोळ केली. दिगूने काल काय केलं ते मी त्यांना जेवताना सांगितलं. ते म्हणाले, पोर आहे, विसरला असेल.

तरी पावणेदहाच्या गाडीने ती गेलीच. दुपारी पोचली तेव्हा शिपाई खोलीला कुलूप लावत होता. त्यानंतर दोन वर्षं भरती निघाली नाही. तोवर शैलाचं लग्न झालं, धुळ्याला. तिने चाळीस वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले. माझ्याकडून शिकलेली तेवढी एक गोष्ट तिच्या उपयोगी पडली. दिगू इंजिनिअर झाला, चिंचवडला बंगला बांधला. तो आळशी नाही, लबाड नाही. फक्त त्याच्याकडून काही सांडलं की पुसायला कुणीतरी असतं. आधी आम्ही होतो, मग त्याची बायको.

त्या दिवसाची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. दिगूच सांगतो, आणि फार रंगवून सांगतो. गेल्या भाऊबीजेलाही सांगितली. शैलाने त्याला ओवाळलं, सगळी पाटावरून उठली, फराळाच्या ताटल्या हातात आल्या, आणि याने सुरू केलं. अख्ख्या गल्लीचं पाणी गटारात सोडलं, आईने डोक्यावर घागर दिली, आणि शिक्षा म्हणून मी चहा-चिवडा खाऊन आलो. सगळे हसले. शेवटी नेहमीप्रमाणे म्हणाला, "आणि ताई बघा. माझ्या वाटणीचं पाणी आणायला आपण होऊन गेली आणि हिची गाडी चुकली. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं."

त्याची नात ईरा सतरा वर्षांची आहे. तिने विचारलं, "पण आत्याआजी, तुला उशीर होत होता ना? मग गेलीस कशाला?"

शैला करंजीचा तुकडा मोडत राहिली. अडुसष्ट वर्षांची झाली ती. पन्नास वर्षं हा प्रश्न तिला कुणी ना कुणी विचारतंय, आणि पन्नास वर्षं ती काहीतरी मोडत किंवा पिळत बसते.

"मी पाठवलं तिला," मी म्हणाले.

दिगू हसायचा थांबला. "तू?"

"मी. तू उठत नव्हतास. मी तिला म्हटलं, शैला, एवढी एक खेप करून जा, वेळ आहे अजून. तुमच्या अण्णांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही."

मग दिगू मोठ्याने हसला. "म्हणजे बघा. पन्नास वर्षं मी उगाचच ऐकून घेतोय. माझा दोष नव्हताच की."

"पाणी तू घालवलंस," मी म्हणाले. "उठला तू नाहीस. मी माझं सांगितल्याने तुझं कमी होत नाही."

"बरं बाई, माझंच," असं म्हणून तो चकलीकडे वळला. सूनबाई म्हणाली, जाऊ द्या ना आई, सणाच्या दिवशी कशाला. आणि ते गेलंही. दहा मिनिटांत ते ईराच्या कॉलेजाबद्दल बोलत होते.

दुपारी मी आडवी झाले तेव्हा शैला माझ्या पलंगाशी येऊन बसली. माझे पाय दाबायला लागली. मी म्हटलं, राहू दे. ती थांबली नाही.

"मला सगळ्यांसमोर कशाला सांगितलंस?" ती म्हणाली. "मला ठाऊकच होतं. मी तिथंच होते."

"तुझ्यासाठी नाही सांगितलं."

तिने माझा दुसरा पाय जवळ ओढला. मग तिने विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं भाजीचा भाव विचारावा, "पण त्या दिवशी मलाच का गं? साडी नेसून उभी होते मी."

या प्रश्नाची खूप उत्तरं मी इतक्या वर्षांत तयार करून ठेवली होती. तुझे अण्णा येणार होते. पाणी नव्हतं. वेळ होता. त्यांतलं एकही तोंडातून निघेना.

"त्याला तीन हाका मारल्या होत्या," मी म्हणाले. "तुला एकदाच सांगावं लागायचं."